एकशे वीस पोत्यांचा पाहुणचार

सुकलालनानांच्या हातून उभ्या आयुष्यात कोणी अर्धपोटी उठलं नाही. एकशे वीस पोती मात्र त्यांच्या हातचं पोटभर जेवून मेली, आणि ती मरत असताना त्यांचा ताप मोजायला मी स्वतः हजर होतो. पोती मशरूमच्या कंपोस्टची होती, त्यामुळे पोलीस आले नाहीत. पण नानांच्या घरी त्या दिवशी जी शांतता होती ती मी एरवी फक्त सुतकातच पाहिली आहे.

आमची ओळख जळगावची. तिथल्या एका पाईपच्या कारखान्यात मी प्रयोगशाळेत होतो. पाईपात पाणी कोंबायचं आणि तो किती दाबाला फुटतो ते लिहून ठेवायचं, हे माझं काम. नाना कॅन्टीन सांभाळायचे. त्यांचंही काम साधारण तेच होतं, फक्त पाईपाच्या जागी आम्ही होतो. मी रुजू झालो त्या पहिल्या दुपारी दोन पोळ्या खाऊन हात धुवायला उठलो, तर एक उंच, वाळका, पांढऱ्या टोपीतला माणूस वाट अडवून उभा राहिला.

"साहेब, इतलं कमी काब्रं खातस? घरना लोके बरा शेतस ना?"

घरचे बरे आहेत हे सिद्ध करण्यासाठी मला आणखी तीन पोळ्या खाव्या लागल्या.

नाना पारोळ्याकडचे, बोली पक्की अहिराणी. कारखान्याचे मालक असोत की नळ दुरुस्त करायला आलेला माणूस असो, ते सगळ्यांशी त्याच बोलीत बोलत. समोरच्याच्या चेहऱ्याकडे ते सहसा पाहत नसत, ताटाकडे पाहत. नावं त्यांच्या लक्षात राहायची नाहीत; 'ठेचावाला', 'भात नको म्हणणारा', 'कांदा सोडणारा' अशी त्यांची हजेरी असायची. कोणी "बस, नाना, पोट भरलं" म्हणालं की त्यांचं उत्तर ठरलेलं असे: "तोंड खोटं बोलस. पोटले इचारू दे." आणि पोटाला विचारण्याची त्यांची रीत म्हणजे आणखी एक पळी वाढणं. स्वतः मात्र सगळ्यांचं झाल्यावर भांड्यांच्या चौकात उभ्या उभ्या एक कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी आणि मिरची खायचे. मी त्यांना बसून जेवताना पाहिल्याचं आठवत नाही.

एकदा व्यवस्थापनाला कामगारांच्या प्रकृतीची काळजी वाटू लागली. दुपारच्या जेवणानंतर दोन तास कारखान्यात कोणी धड जागं नसतं हे तिचं कारण. मग पुण्याहून एक आहारतज्ज्ञ बाई आल्या. त्यांनी भिंतीवर तक्ता लावला: दोन पोळ्या, एक वाटी वरण, एक वाटी भाजी, काकडीच्या चार चकत्या. नानांनी चष्मा लावून तक्ता शेवटपर्यंत वाचला. "बठ्ठा बरोबर शे, ताई," ते म्हणाले, "आते जेवी ल्या." त्या दिवशी वरणबट्टी आणि घोटलेल्या वांग्यांची भाजी होती. बाईंनी ताटावर हात आडवा धरला तर नानांनी हाताच्या बाजूने वाढलं. दोन्ही हात धरले तर मधल्या फटीतून वाढलं. तीन वाजता बाईंना अतिथिगृहावर पोचवावं लागलं आणि तिथून त्या संध्याकाळच्या चहालाच उठल्या. त्यांच्या अहवालात 'जेवण उत्तम, प्रमाणाचा पुनर्विचार व्हावा' असं वाक्य होतं. नानांनी पुनर्विचार केला आणि काकडीच्या चकत्या चाराच्या आठ केल्या.

नाना कधी चुकले नाहीत. म्हणजे चुकायचे, पण तसं कबूल करण्याची पद्धत त्यांच्याकडे नव्हती. एकदा सहाशे माणसांची डाळ करपली. वास पार गेटपर्यंत आला होता. नाना पळी घेऊन ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "आज डाळले धुरनी फोडणी शे." लोकांनी मुकाट्याने खाल्ली. पुढच्या आठवड्यात दोघातिघांनी तीच डाळ परत मागितली, तेव्हा नानांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मी अजून विसरलेलो नाही. माझ्याकडे दाबाचे आकडे होते, त्यांच्याकडे गिऱ्हाईक होतं.

नाना निवृत्त होऊन गावी गेले. बायको आधीच वारली होती. मुलगा विजय सुरतेला कापडाच्या गिरणीत होता आणि घरात नाना आणि सून रेखा अशी दोनच माणसं उरली. सहाशे माणसांना वाढलेल्या हाताला दोन ताटं म्हणजे निव्वळ अपमान. म्हणून नाना गावातल्या प्रत्येक लग्नात, साखरपुड्यात, दहाव्याला सुद्धा वाढायला उभे राहू लागले. दहाव्याला ते आग्रह करतात अशी तक्रार होती.

रेखा धुळ्याची. शेतीचं शिकलेली, कमी बोलणारी, आणि बोलली तर आकड्यात बोलणारी. साहजिकच ती मला पहिल्या भेटीतच आवडली. घरामागचं कापूस साठवायचं जुनं गोदाम रिकामं पडलं होतं. तिने त्याला आतून थर्माकोल लावलं, दोन एसी बसवले, लोखंडी मांडण्या केल्या आणि मशरूमची पोती मांडली. विजयचं म्हणणं तिने सुरतेला यावं. तिचं म्हणणं त्याने गावी यावं. दोघं शहाणी असल्यामुळे भांडली नाहीत, करार केला. तीन पिकं घ्यायची. ती नीट निघाली तर विजय गिरणी सोडणार. नाही निघाली तर रेखा गोदामाला कुलूप लावून सुरतेच्या एका खोलीत राहायला जाणार.

या करारात नानांना कोणी विचारलं नव्हतं, आणि सगळ्यात जास्त जीव टांगणीला लागला होता तो नानांचाच. रेखा गेली की त्या घरात ते एकटे राहणार होते. सुरतेला जायला त्यांनी साफ नकार दिला होता. तिथे लोक दार लावून जेवतात असं त्यांनी ऐकलं होतं. वरवर मात्र "जावो ना, माले काय" असं म्हणायचे. म्हणताना ताटाकडेसुद्धा पाहायचे नाहीत, यावरून मी काय ते ओळखलं.

गावाने मशरूमचं स्वागत खास आपल्या पद्धतीने केलं. "सुकलालनी सून कुत्रानी छत्री पिकाडी ऱ्हायनी," असं पारावर जाहीर झालं. कोणी खायला तयार होईना. तेव्हा नानांनी काळ्या मसाल्यात, भरपूर तेलात मशरूमची भाजी केली, पंचवीस माणसं बोलावली आणि ती काय आहे हे सांगितलं नाही. सगळ्यांनी बोटं चाटली. खाऊन झाल्यावर नानांनी सांगितलं, तेव्हा एकजण चूळ भरायला धावला आणि चूळ भरून परत भाजी मागायला आला.

खाणारे मिळाले, पण पहिलं पीक बेताचंच निघालं. गोंडस, पांढरी, पण मोजकी. रेखाने सांगितलं की यात नवल नाही. कंपोस्टमधलं अन्न पहिल्या बहरातच संपत आलं होतं. यावर उपाय ती शिकलेली होती. मशरूमची पांढरी बुरशी कंपोस्टमध्ये पूर्ण पसरली की वर माती चढवायच्या आधी त्यात वरचा खुराक मिसळायचा: सरकीची पेंड आणि सोयाबीनची भुकटी, वाफेवर चांगली तापवून मग वाळवलेली, म्हणजे इतर बुरशींना ती पटकन खाता येत नाही. दहा किलोच्या पोत्याला एक वाटी. खुराक पडला की पोतं आतून तापतं, म्हणून चार-पाच दिवस एसी जोरात आणि लक्ष थर्मामीटरवर. थर्मामीटर मी कारखान्यातला जुना दिला होता. या गोष्टीतली माझी कामगिरी एवढीच.

दुसऱ्या पिकाच्या वेळी हे सगळं तिने नानांना समजावलं. नानांनी मन लावून ऐकलं. त्यांच्या कानात मात्र दोनच शब्द गेले असावेत, 'भूक' आणि 'खुराक'.

नेमकं खुराक घालायच्या दिवशी रेखाला धुळ्याला जावं लागलं. चुलतबहिणीचं लग्न होतं, दोन रात्री तिथेच काढायच्या होत्या. तयार खुराकाचं टोपलं आणि वाटी तिने नानांच्या स्वाधीन केली. नानांनी पहिल्या पोत्यात एक वाटी घातली. पोत्याकडे पाहिलं. दहा किलोचा जीव, आणि एक वाटी? पुण्याच्या बाईंचा तक्ता त्यांना परत भिंतीवर दिसू लागला असणार. त्यांनी दुसरी वाटी घातली. मग तिसरी. टोपलं चाळिसाव्या पोत्याला संपलं, तेव्हा उरलेल्यांना उपाशी ठेवणं त्यांच्या तत्त्वात बसणारं नव्हतं. घरातली गुरांची सरकी पेंड त्यांनी पाण्यात भिजवली, कारण कोरडं कोण कोणाला वाढतं? त्यात बेसन कालवलं. पाहुण्याचं तोंड गोड व्हावं म्हणून थोडा गूळ घातला. आणि ज्यांना आधी मिळालं होतं त्यांना वाईट वाटायला नको म्हणून त्यांच्यातही ते एकेक पळी घातलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सहज भेटायला गेलो तर नाना दारातच खुशीत उभे. गोदामात शिरताच आंबूस वासाने माझं नाक भरलं. एसी पूर्ण जोरात होते तरी आत ऊब होती. मी थर्मामीटर एका पोत्यात खुपसला. पारा एक्केचाळीसवर गेला.

"नाना, एक्केचाळीस!"

"मानूस सदोतीस ऱ्हास," नाना अभिमानाने म्हणाले. "हाई त्यान्हापेक्षा चार जास्ती जित्तं शे."

मशरूमच्या बुरशीला एवढ्या उष्णतेत जगता येत नाही हे मला रेखाकडून ऐकून माहीत होतं. मी तसं म्हटलंही. नाना म्हणाले, जेवल्यावर अंग गरम होतंच, निजू द्या त्यांना. मी सगळी दारं उघडली, पंखे लावले, काही पोती फोडून पसरली. काही उपयोग झाला नाही. रेखा परतली तोवर पोत्यांवर हिरवी बुरशी चढू लागली होती.

तिने एका पोत्यात हात घातला, बाहेर काढला, वास घेतला.

"नाना, तुम्ही काय टाकं यामा?"

"जरासं बेसन," नाना म्हणाले. आवाज अगदी लहान झाला होता. "भूक लागेल व्हती त्यासले."

रेखा रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं. तिने एकशे वीस पोती एकेक करून शेतात नेऊन उलटी केली. नाना मागे मागे जायला लागले तर तिने हाताने थांबवलं. संध्याकाळी विजयचा फोन आला. तिने सांगितलं, "एसी बंद पडला होता. पीक गेलं." नाना ओट्यावर बसून ऐकत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. करपलेल्या डाळीला नाव शोधणारा हा माणूस, त्याला आयतं नाव मिळालं होतं. ते काही बोलले नाहीत. त्या दिवशी मला त्यांचा राग आला होता, हे आता सांगायला हरकत नाही.

तिसऱ्या पिकाला नाना गोदामाच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नव्हते. बाहेर खाट टाकून बसायचे. खुराक घालायचा दिवस आला तेव्हा थर्मामीटरचा रखवालदार म्हणून मी तिथे होतो. रेखा बाहेर आली आणि खाटेपाशी वाटी आणि सुरी ठेवून म्हणाली, "नाना, यावेळी पण तुम्हीच टाका. वाटी भरायची, वरून सुरी फिरवायची."

मला वाटलं पोरगी वेडी झाली. नानांनाही तसंच वाटलं असावं. ते उठले, हात धुतले आणि आत आले. वाटी भरायची, सुरी फिरवायची, पोत्यात रिकामी करायची, हाताने मिसळायचं. ओठ हलत होते, मोजत होते. साठाव्या का सत्तराव्या पोत्याशी त्यांचा हात वाटी रिकामी करून परत टोपल्याकडे गेला आणि तिथेच थांबला. पोतं जरा लहानखोर होतं, बिचारं दिसत होतं. रेखा पाठ करून मांडणीचा नट आवळत होती, आणि तो नट आधीच पुरता आवळलेला होता. नानांनी दुसऱ्या हाताने आपलं मनगट धरलं आणि पुढच्या पोत्याकडे वळले. पाईप किती दाबाला फुटतो ते मी वीस वर्षं मोजलं. न फुटण्याला किती दाब लागतो ते मोजायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं.

पुढचे पाच दिवस नाना थर्मामीटरसमोर स्टूल टाकून बसले. पारा अठ्ठावीसच्या वर सरकला की "रेखा!" अशी हाक. महिन्याभरात पोत्यांवर बोट ठेवायला जागा उरली नाही, इतकी मशरूम आली. पहिल्या पिकाच्या दुपटीच्या आसपास. तोडायला शेजारच्या बाया बोलवाव्या लागल्या.

विजय सुरतेहून आला तो आपल्या मामांना घेऊन. दुपारी पंगत बसली, काळ्या मसाल्यातली मशरूमची भाजी आणि बट्टी. विजयने पीक पाहिलं, तोंड भरून कौतुक केलं, आणि जेवता जेवता शांतपणे म्हणाला, "तरी पण तीनातलं एकच झालं ना, नाना. पहिलं कमी, दुसरं गेलं. हे एक आलं, पण उद्या परत एसी बंद पडला तर? गावातल्या यंत्राचा भरवसा नाही. ठरलंय ते ठरलंय." मामांनी मान डोलावली. रेखा खाली पाहून बट्टी कुस्करत राहिली. ती आणखी बारीक होण्यासारखी राहिलीच नव्हती.

नाना पळी घेऊन उभे होते. मामांच्या ताटातली भाजी संपली होती आणि ते वाढत नव्हते. हे मी प्रथमच पाहत होतो.

"इज्या," ते म्हणाले, "एसी बंद नही पडना व्हता."

सगळ्यांनी वर पाहिलं.

"पोता मी मारात. तिनी सांगेल व्हतं एक वाटी. मी तीन टाक्यात. बेसन टाकं. गूळ टाका. ती तुले खोटं बोलनी, मन्हासाठे." त्यांनी पळी खाली ठेवली. "यंत्र बठ्ठा बरोबर शेतस. दोष हाऊ आठे उभा शे."

मामांना हसू आवरेना. "गूळ?" ते म्हणाले, आणि मग शेजारच्या बायाही हसू लागल्या. आठवड्याभरात पारोळ्यापर्यंत ही गोष्ट जाणार हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं. नानांनाही कळत होतं. ते तसेच उभे राहिले, सगळ्यांचं हसून होईपर्यंत. विजय हसला नाही. तो एकदा बापाकडे आणि एकदा बायकोकडे पाहत होता. हात धुवायला उठला तो सरळ गोदामात गेला आणि खूप वेळ तिथेच राहिला.

पुढच्या महिन्यात तो सामान घेऊन गावी आला.

नानांना मी शेवटचं पाहिलं ते त्या गोदामासमोरच्या मांडवात. रेखाचं नाव एव्हाना झालं होतं आणि कुठल्याशा खात्याने तिच्याकडे शेतकरी बायांचं प्रशिक्षण शिबिर ठेवलं होतं. शिबिर म्हणजे बॅनर आलं, दीपप्रज्वलन आलं, तीन साहेबांची भाषणं आली. पहिल्या साहेबांनी मशरूमचे फायदे सांगितले, दुसऱ्यांनी पहिल्या साहेबांचे आभार मानले, तिसऱ्यांनी एक मशरूम हातात धरून फोटो काढला आणि त्यांची गाडी निघाली. मग रेखाने माईक घेतला आणि खुराकाचं सांगितलं. किती, केव्हा, कसा. शेवटी म्हणाली, "आणि जास्त झाला तर काय होतं, ते आमचे नाना सांगतील."

ती हे दर शिबिरात म्हणायची असं मला नंतर कळलं. पहिल्यांदा नानांनीच तिला तसं म्हणायला लावलं होतं.

नाना मागच्या रांगेतून उठले. धुतलेला सदरा, कडक टोपी. सत्काराला जावं तसे पुढे आले आणि दोन्ही हात जोडले.

"भाऊसहोन, बहिनीसहोन, मी सुकलाल. एकशे वीस पोता मी खावाडी खावाडी मारात."

बाया खळखळून हसल्या. नानांनी बेसन सांगितलं, गूळ सांगितला, एक्केचाळीस पारा सांगितला, माझ्याकडे बोट दाखवून "हाऊ साक्षीदार शे" असंही सांगितलं. एकही गोष्ट वगळली नाही. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले, तेव्हा मला जळगावहून पोचायला उशीर झाला. त्यामुळे माझ्यापाशी त्यांचं शेवटचं चित्र आहे ते हेच, भर उन्हातल्या मांडवात आपली फजिती हातचं काही न राखता वाढणारे नाना.

मागून एका बाईने हात वर करून विचारलं, "मंग नाना, आते कितलं टाकतस?"

नानांनी क्षणभरही विचार केला नाही. सुनेकडे हात केला.

"तिले इचारा," म्हणाले, आणि जागेवर जाऊन बसले.